डिव्हिजनच्या नकाशावर पलटणीची वाट शोधताना

वाचकांचे प्रश्न

आपल्या डिव्हिजनने कुठून कुठवर मजल मारली हे एका ठळक रेषेने दाखवणारे नकाशे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आणि नंतरही छापले गेले. असे नकाशे पुण्यात आणि आसपास किती घरांत जपलेले आहेत, ते या वेळच्या पत्रांवरून दिसते. म्हणून यंदाचे सगळे प्रश्न याच विषयावरचे घेतले आहेत.

प्रश्न : आजोबा पाचव्या मराठ्यात होते. त्यांच्या ट्रंकेत आठव्या भारतीय पायदळ डिव्हिजनचा इटलीतला नकाशा निघाला. टारांटोपासून वर पो नदीपर्यंत लाल रेषा आहे, अधूनमधून तारखा आहेत. आजोबा कुठे कुठे लढले हे या रेषेवरून सांगता येईल का? (कोथरूड)

नुसत्या रेषेवरून नाही. आधी पलटण, म्हणजे बटालियन, पक्की करावी लागेल. पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री हे त्या काळी सबंध रेजिमेंटचे नाव होते आणि तिच्यात अनेक पलटणी होत्या. कागदांवर १/५, २/५, ३/५ असे आकडे दिसतात. त्यातला पहिला आकडा पलटणीचा, दुसरा रेजिमेंटचा. हा पहिला आकडा सापडेपर्यंत नकाशावर बोट ठेवू नका, कारण एकाच रेजिमेंटच्या पलटणी वेगवेगळ्या खंडांत होत्या.

१/५ मराठा इटलीत आठव्या डिव्हिजनच्या २१व्या ब्रिगेडमध्ये होती. ३/५ मराठा इटलीतच, पण दहाव्या डिव्हिजनच्या २०व्या ब्रिगेडमध्ये. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या ज्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ती याच ३/५ ची, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातली. हीच पलटण १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनला लढली तेव्हा पाचव्या डिव्हिजनच्या नवव्या ब्रिगेडमध्ये होती. म्हणजे पलटण तीच, डिव्हिजन दोन आणि नकाशेही दोन. २/५ मराठा जून १९४२ मध्ये तोब्रुक पडले तेव्हा तिथे युद्धकैदी झाली. ४/५ ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होती. आजोबा ३/५ मध्ये असतील, तर ट्रंकेतला नकाशा त्यांच्या वाटेचा नाही. तो कुणा सोबत्याकडून आलेला असू शकतो.

पलटण ओळखण्यासाठी डिस्चार्जचा दाखला, पेन्शनचे पुस्तक आणि पत्रांवरचा पत्ता पाहा. पदकांवरून आघाडी कळते, पलटण कळत नाही. आफ्रिका स्टार १० जून १९४० ते १२ मे १९४३ या काळातल्या उत्तर आफ्रिकेतल्या सेवेसाठी होता, इटली स्टार ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ या काळासाठी, बर्मा स्टार ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळासाठी. इटली स्टारच्या फितीत लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल असे पाच सारखे पट्टे असतात. पदक हरवून नुसती फीत उरली असेल तरी तेवढ्यावरून ओळख पटते.

पलटण १/५ निघाली असे धरू. डिव्हिजनमध्ये तीन ब्रिगेड, प्रत्येक ब्रिगेडमध्ये तीन पलटणी. नऊ पलटणी एका रेषेवरून चालत नाहीत. नकाशावरची रेषा म्हणजे डिव्हिजनच्या आगेकूचीचा मुख्य मार्ग, तोही सोपा करून काढलेला. आठव्या डिव्हिजनच्या वाटेवरच याची ठळक उदाहरणे आहेत. नोव्हेंबर १९४३ च्या अखेरीस सँग्रो नदीपलीकडच्या मोझाग्रोन्या गावासाठी लढाई झाली, ती १७व्या ब्रिगेडची. ११-१२ मे १९४४ च्या रात्री कॅसिनो गावाच्या दक्षिणेला गारी नदी ओलांडली, ती १७व्या आणि १९व्या ब्रिगेडने. २१वी राखीव होती. रेषा दोन्ही ठिकाणांवरून जाते. त्यावरून १/५ चा माणूस पहिल्या फळीत नदीत उतरला असे लिहिले, तर ते चूक ठरेल. तो कदाचित दोन दिवसांनी, इंजिनिअरांनी टाकलेल्या पुलावरून पुढे गेला असेल.

रेषेची जाडीही लक्षात घ्या. अशा घडीच्या नकाशाचे प्रमाण साधारण १:१०,००,००० असते, म्हणजे १ सेंमी म्हणजे १० किमी. दोन मिलिमीटर जाडीची रेषा जमिनीवर दोन किलोमीटर रुंद होते. एवढ्या पट्ट्यात एक खेडे, दोन टेकड्या आणि एक ओढा सहज मावतो.

लांबीचा आणि काळाचा तर काहीच मेळ नाही. सँग्रोपासून मोरो नदीपर्यंतचा तुकडा तुमच्या नकाशावर दीड सेंटीमीटरच्या आसपास भरेल. तेवढ्यात आणि त्यापुढच्या व्हिला ग्रांदेच्या लढाईत १९४३ चा अख्खा डिसेंबर गेला. उलट एड्रिॲटिक समुद्राच्या किनाऱ्यावरून डोंगर ओलांडून कॅसिनोकडे गेलेली रेषा लांबलचक दिसते, पण ती ट्रकने केलेली हलवाहलव आहे. १९४४ च्या डिसेंबरअखेर सेर्कियो खोऱ्याकडे मारलेला फाटा आणि तिथून परत एड्रिॲटिककडे येणेही तसेच. म्हणून रेषेवर दोन रंगांनी खुणा करा, लढत केलेली चाल एका रंगाने आणि गाडीने केलेली दुसऱ्याने. या खुणा मूळ नकाशावर नकोत, प्रतीवर करा.

मग वहीत पाच रकाने आखा : तारीख, ठिकाण, ब्रिगेड, पलटण, ही माहिती कुठे मिळाली. पहिल्या नोंदी अशा घ्या ज्यांबद्दल शंकाच नाही. १/५ साठी सर्वांत भक्कम नोंद ९ एप्रिल १९४५, सेनियो नदी. शिपाई नामदेव जाधव कंपनी रनर, म्हणजे निरोप पोचवणारे, होते, त्या संध्याकाळच्या हल्ल्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नदीच्या दोन्ही काठांवर माणसाच्या उंचीच्या कितीतरी पट उंच मातीचे बांध आणि त्या बांधांत खोदलेली जर्मन ठाणी, अशी ती जागा होती. एकाच तारखेला एक पलटण कुठे होती हे पक्के झाले, की आधीच्या आणि नंतरच्या तारखा तिच्याशी ताडून पाहता येतात. रकाना रिकामा राहिला तर राहू द्या. रेषेवरून अंदाजाने भरलेली नोंद पुढे घरात खरी मानली जाते आणि मग ती काढता येत नाही.

प्रश्न : पलटणीच्या दैनंदिनीच्या प्रतीत जागांची नावे कमी आणि आकडेच जास्त आहेत. इंग्रजी एच अक्षर आणि पुढे सहा आकडे. फोनवरच्या नकाशात टाकले तर काहीच येत नाही. (सिंहगड रस्ता)

येणारही नाही. तुमचा फोन अक्षांश-रेखांश किंवा आजची जागतिक पद्धत ओळखतो. हे आकडे त्या काळच्या ब्रिटिश लष्करी ग्रीडचे, म्हणजे नकाशावर आखलेल्या चौकोनी जाळीचे आहेत. त्या पद्धतीत जमिनीचे ५०० किमी बाजूचे मोठे चौकोन असत, त्यांना लहान अक्षर. प्रत्येकात १०० किमी बाजूचे पंचवीस चौकोन, त्यांना मोठे अक्षर, त्यात आय वगळलेला. रोजच्या लिखाणात लहान अक्षर गाळत, कारण लढणाऱ्याला आपण कुठल्या मोठ्या चौकोनात आहोत हे ठाऊकच असे. आपल्याला ते ठाऊक नसते, आणि तेच मोठे अक्षर दर ५०० किलोमीटरवर पुन्हा येते. शिवाय इटलीत उत्तर आणि दक्षिण असे दोन वेगळे ग्रीड होते. त्यामुळे आधी तक्त्याच्या, म्हणजे नकाशाच्या सुट्या पानाच्या, समासात ग्रीडचे नाव वाचा, मग आकड्यांकडे वळा.

समजा एच ४५६७८९ असे लिहिले आहे. पहिले तीन आकडे पूर्वेकडचे, पुढचे तीन उत्तरेकडचे. ४५ क्रमांकाची उभी रेषा शोधा, तिच्यापासून उजवीकडे चौकोनाचा सहा दशांश भाग मोजा. मग ७८ ची आडवी रेषा, तिच्यापासून वर नऊ दशांश. जो बिंदू मिळेल तो १०० मीटर बाजूच्या चौकोनाचा डावीकडचा खालचा कोपरा असतो. चारच आकडे असतील तर सबंध एक किलोमीटरचा चौकोन समजायचा. त्यात नेमकी जागा शोधण्यात अर्थ नाही. उभे-आडवे उलटे वाचणे ही सर्रास होणारी चूक आहे. जागा समुद्रात किंवा शत्रूच्या पिछाडीला निघाली की आधी तेच तपासा.

इटलीसाठी लागणारे तक्ते ब्रिटिश जनरल स्टाफच्या भूगोल शाखेच्या मालिकांचे : ४२२८ क्रमांकाची मालिका १:२५,००० ची, ४२२९ ही १:५०,००० ची आणि ४१६४ ही १:१,००,००० ची. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या ग्रंथालयाने महायुद्धातले बरेच तक्ते स्कॅन करून सर्वांना खुले ठेवले आहेत, इटलीचेही. १:२५,००० वर किलोमीटरचा चौकोन ४ सेंमीचा, १:५०,००० वर २ सेंमीचा, १:१,००,००० वर १ सेंमीचा. छापलेली प्रत हाती घेतली, की पट्टी लावून आधी चौकोनच मोजा. जुना कागद आक्रसतो, झेरॉक्स थोडी लहान-मोठी होते. २० मिमीऐवजी १९.६ मिमी भरत असतील तर दशांशही त्याच हिशेबाने घ्या.

जागा तक्त्यावर सापडली की फोनवर आकडे बदलत बसण्यापेक्षा शेजारचे चर्च, रस्त्याचा फाटा, टेकडीची उंची पाहून तीच जागा आजच्या नकाशावर ओळखणे सोपे पडते. उंचीचे आकडे म्हणजे टेकडीचे नावच असे. चौथ्या भारतीय डिव्हिजनने फेब्रुवारी १९४४ मध्ये कॅसिनोच्या मठामागे ज्या टेकडीसाठी रक्त सांडले तिला सगळे कागद पॉइंट ५९३ म्हणतात, कारण तिची उंची ५९३ मीटर. इटलीत उंची मीटरमध्ये असते. ब्रह्मदेशाच्या तक्त्यांवर ती फुटांत असते आणि तिथले ग्रीडही यार्डांत, त्यामुळे इटलीच्या तक्त्यासाठी केलेली पुठ्ठ्याची मापपट्टी तिकडे वापरू नका.

दैनंदिनीतली वेळही याच धाटणीची असते. ०९१९२० म्हणजे ९ तारीख, १९ वाजून २० मिनिटे. महिना पानाच्या डोक्यावर असतो.

प्रश्न : एका इटालियन तक्त्यावर गावाचे रेखांश २ अंश पूर्व दिले आहेत. इटली तर ६ अंशांच्या पुढे सुरू होते. छपाईची चूक का? (औंध)

चूक नाही. इटालियन लष्करी भूगोल संस्थेचे तक्ते रेखांश ग्रिनिचपासून न मोजता रोमच्या मोंते मारिओ टेकडीपासून मोजत, आणि दोस्त राष्ट्रांनी हेच तक्ते घेऊन त्यावर आपले ग्रीड छापले. मोंते मारिओ ग्रिनिचच्या पूर्वेला १२ अंश २७ मिनिटे ८.४ सेकंदांवर आहे. तुमच्या गावाचे २ अंश पूर्व त्यात मिळवा, १४ अंश २७ मिनिटे येतात. रोमच्या पश्चिमेचे गाव असेल तर वजा करा. हे न करता २ अंश तसेच टाकले, तर एड्रिॲटिक किनाऱ्यावरचे गाव थेट फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या पिरेनीज डोंगरात जाऊन बसते.

प्रश्न : नकाशा घड्यांवर फाटतो आहे. मागे कुणीतरी सेलोटेप लावली आहे. त्यावर जांभळ्या पेन्सिलीने केलेल्या खुणा आहेत. लॅमिनेशन करून घ्यावे का? (सदाशिव पेठ)

कृपा करून करू नका. लॅमिनेशनमध्ये उष्णतेने प्लास्टिक कागदात कायमचे बसते, ते पुन्हा निघत नाही. आतला कागद आम्लाने जळत राहतो आणि कुणालाही त्यावर काही करता येत नाही.

जांभळ्या पेन्सिलीबद्दल आधी सांगतो, कारण धोका तिथे आहे. ती कॉपिंग पेन्सिल. तिच्या शिशात ग्रॅफाइटसोबत ॲनिलिनचा रंग असतो. कोरडी असताना रेघ करडी दिसते, पाणी लागले की गडद जांभळी होते आणि पसरते. तुमच्या खुणा आताच जांभळ्या दिसत असतील, तर कधीतरी त्यांना ओल लागून गेली आहे. भिंगाखाली पाहा. रेघेच्या कडेला जांभळी झाक पसरलेली असेल तर ओलसर कापूस, वाफ, ओले टीपकागद यांपैकी काहीच वापरायचे नाही. घडी सपाट करण्यासाठी कागदाला ओल देण्याची नेहमीची पद्धत अशा नकाशाला चालत नाही, आणि नकाशातला सर्वांत मोलाचा भाग त्या खुणाच आहेत. छापील नकाशाच्या हजारो प्रती निघाल्या असतील. आजोबांच्या हातच्या खुणांची प्रत एकच आहे.

घडी कधी उघडायची हेही ठरवून करा. एप्रिल-मेमध्ये पुण्याची दुपारची हवा इतकी कोरडी असते की घडीचा कागद कडक होऊन तुटतो. जुलै-ऑगस्टमध्ये कागद मऊ असतो, पण तेव्हा बुरशी धरते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हे दिवस बरे. मोठ्या टेबलावर स्वच्छ पांढरा कागद पसरा, हात धुऊन कोरडे करा, एकेक घडी उघडा. जी घडी अडेल तिला जोर लावू नका. उघडलेल्या भागावर टीपकागद, त्यावर काच, त्यावर पुस्तकांचे वजन ठेवून दोन दिवस थांबा आणि मग पुढची घडी घ्या.

सेलोटेप ओढून काढू नका, कागदाचा वरचा थर छपाईसकट निघून येतो. पिवळी पडलेली चिकी एव्हाना कागदात मुरलेली असते, ती विद्रावकाने काढावी लागते आणि त्याच विद्रावकाने पेन्सिलीचा रंगही विरघळू शकतो. हे काम प्रशिक्षित माणसाकडेच द्या. भांडारकर संस्थेत हस्तलिखितांच्या जतनाचे काम चालते. तिथे चौकशी केली तर योग्य दिशा मिळेल.

खुणा नसलेल्या साध्या छापील नकाशाची फाट मात्र घरी सांधता येते. पातळ जपानी टिश्यू कागद, साधारण ६ ते १२ ग्रॅम वजनाचा, आणि गव्हाच्या स्टार्चची पेज. कणकेची खळ नको, तिच्यातल्या चिकाला कसर आणि झुरळे लागतात. बाइंडरकडची तयार खळही नको, तिच्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात आणि त्यातले तांबे कागदाचा ऱ्हास वाढवते. टिश्यू कात्रीने न कापता पाण्याची रेघ ओढून फाडा, म्हणजे त्याच्या कडेला धागे राहतात आणि जोड सौम्य बसतो. पट्टी फाटेपेक्षा दोन्ही बाजूंना ३-४ मिमी रुंद, पेज अगदी थोडी, नकाशाच्या पाठीला. वर टीपकागद आणि वजन. त्याआधी समासात एका कोपऱ्यावर ओलसर कापसाचे टोक हलकेच टेकवून छपाईची शाई उतरते का ते बघा. उतरली तर तिथेच थांबा.

ठेवताना सपाट ठेवा, आम्लरहित कागदाच्या फोल्डरमध्ये. पारदर्शक पाकीट हवे असेल तर पॉलिएस्टरचे, ७५ ते १०० मायक्रॉनचे. पीव्हीसीचे नको, त्यातले तेलकट द्रव्य शाई उचलते. पॉलिएस्टरला स्थिर वीज धरते, म्हणून सुटी, भुरभुरणारी पेन्सिल असेल तर तेही टाळा. सपाट जागा नसेल तर निदान १० सेंमी व्यासाच्या नळीवर, नकाशाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. डांबरगोळ्या कागदाजवळ ठेवू नका. भिंतीवर लावायचाच असेल तर रंगीत प्रत काढून ती लावा, मूळ नकाशा फोल्डरमध्येच असू द्या.

प्रश्न : स्कॅन कसा करावा, आणि तो उपग्रहचित्रावर बसवता येईल का? (पिंपळे सौदागर)

प्लॉटरच्या दुकानातला रोलरवाला स्कॅनर फाटक्या नकाशाला धोक्याचा, रोलर घडीची कड पकडतो. वर कॅमेरा बसवलेला सपाट टेबलाचा स्कॅनर शोधा. घनता ४०० डीपीआय पुरेशी आहे. त्यात एक बिंदू ०.०६३५ मिमीचा, म्हणजे १:१,००,००० च्या तक्त्यावर साडेसहा मीटरच्या आत. ६० बाय ८० सेंमीच्या नकाशाची न दाबलेली टिफ फाइल साधारण ३५० एमबीची होते. हीच मूळ फाइल जपा, जेपेग फक्त पाठवण्यासाठी. घरच्या ए-फोर स्कॅनरवर तुकड्यांनी करत असाल तर शेजारचे तुकडे निदान ३ सेंमी एकमेकांवर येऊ द्या. सोबत पट्टी ठेवून एक स्कॅन घ्या, पुढे माप तपासायला ती कामी येते.

उपग्रहचित्रावर बसवायला क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर चालते, त्यातले जिओरेफरन्सर वापरा. इटलीच्या पश्चिम भागासाठी ईपीएसजी ३२६३२ (हा निर्देशांक पद्धतीचा क्रमांक) आणि पूर्व भागासाठी ३२६३३ निवडा. एड्रिॲटिक किनारा दुसऱ्यात येतो. मग दोन्हीकडे ओळखू येणारे बिंदू द्या. सरळ रूपांतराला किमान ३ बिंदू लागतात, दुसऱ्या घाताच्या बहुपदीला ६, तिसऱ्याला १०. किमान तेवढेच दिले तर सॉफ्टवेअर चूक शून्य दाखवते आणि फसवते, म्हणून दुप्पट द्या. बिंदू चारही कोपऱ्यांना पसरलेले हवेत.

बिंदू कोणते निवडायचे यातच सगळे आहे. गावातली जुनी चर्चे, रेल्वेचे बोगदे, डोंगरमाथ्यावरचे मोजणीचे खांब चालतील. पूल नकोत : माघार घेताना जर्मनांनी जवळपास सगळे उडवले आणि नवे पुष्कळदा शेजारी बांधले गेले. नदीची वळणे नकोत, पाणी जागा बदलते. १:१,००,००० च्या तक्त्यावर ५० मीटरच्या आसपास चूक आली तर ठीक, कारण ती कागदावर अर्धा मिलिमीटर आहे. ५०० मीटर आली तर एखादा बिंदू चुकीच्या चर्चवर टेकवला आहे.

ट्रंकेतला मार्गाचा नकाशा मात्र असा बसवण्याच्या फंदात पडू नका. तो हाताने सोपा करून काढलेला असतो, किनाराच दोन किलोमीटर इकडेतिकडे असतो. त्याच्यावरून तारखा आणि गावे घ्या, आणि जागा तक्त्यांवर शोधा.

प्रश्न : काका ४/५ मराठात होते, सांगशाकला लढले. तिथे एका जपानी डिव्हिजनची वाट दाखवणारा नकाशा सापडला असे ऐकले. ते खरे आहे? (खडकी)

खरे आहे. सांगशाकची लढाई २२ ते २६ मार्च १९४४ ची. मणिपुरात उख्रुलजवळच्या या नागा खेड्यावर ५०वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड आणि तिच्या जोडीला ४/५ मराठा उभी होती. तिथे मारल्या गेलेल्या एका जपानी अधिकाऱ्याजवळ खुणा केलेला नकाशा आणि कागद मिळाले. ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर होप-थॉमसन यांनी त्यांच्या प्रती वेगवेगळ्या वाटांनी इंफाळला धाडल्या, एक अडली तर दुसरी पोचावी म्हणून.

त्या नकाशाचे मोल समजायचे तर ३१व्या जपानी डिव्हिजनची वाट समोर हवी. जनरल सातो यांच्या या डिव्हिजनने १५ मार्चच्या रात्री चिंदविन नदी ओलांडली आणि ती तीन फळ्यांनी कोहिमाकडे निघाली. डावी फळी मेजर जनरल मियाझाकींची, ५८वी रेजिमेंट, उख्रुल-सांगशाकवरून. मधली जेस्सामी आणि खारासोमवरून. ती गावे आसाम रेजिमेंटने अडवून धरली. उजवी आणखी उत्तरेकडून. कोहिमावर हल्ला ४ एप्रिलला सुरू झाला. फौज किती येते आहे आणि कुठे चालली आहे, हे तिच्या नकाशावरच वाचायला मिळणे ही किती मोठी गोष्ट होती ते या तारखांवरून कळते.

काकांची वाट आखताना एक ध्यानात घ्या. सांगशाक मुळात शेजारच्या १५व्या जपानी डिव्हिजनच्या हद्दीत होते. मियाझाकी हद्द ओलांडून तिथे लढले आणि त्यात त्यांचे दिवस आणि माणसे खर्ची पडली. म्हणून जपानी डिव्हिजनांच्या छापील हद्दी पाहून समोर कोण होते हे ठरवलेत तर चुकाल. आणि ४/५ मराठा ही पॅराशूट ब्रिगेडची पलटण नव्हती. ती २३व्या डिव्हिजनच्या ४९व्या ब्रिगेडची होती, त्या लढाईपुरती जोडलेली. तिचे आधीचे आणि नंतरचे कागद २३व्या डिव्हिजनखाली शोधा.

प्रश्न : नकाशावर मध्ये दोन फुल्या असलेली तुटक रेषा आहे. तोच मार्ग का? निळा रंग शत्रूचा ना? (बाणेर)

दोन फुल्यांची रेषा ही दोन डिव्हिजनांमधली हद्द. एक फुली ब्रिगेडची, तीन कोअरची, चार आर्मीची. दोन उभ्या रेघा पलटणीची. मार्ग सहसा अखंड रेषेचा, बाण असलेला असतो.

रंगावर भिस्त ठेवू नका. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश खंदक-नकाशांवर १९१८ च्या सुरुवातीपर्यंत जर्मन लाल आणि ब्रिटिश निळे होते, मग ते उलटे केले. ज्या नकाशावर रंगांची सूची नाही, तिथे एका ओळखीच्या पलटणीचे नाव शोधा आणि तिचा रंग कुठला ते पाहा.

प्रश्न : पुण्यात बसून हे कागद कुठून मिळवायचे? मोठे काका इटलीत गेले, त्यांचे थडगे खडकीच्या स्मशानभूमीत असेल का? (हडपसर)

खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत इटलीत पडलेले जवान नाहीत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधा. भारतीय जवानांच्या नोंदीत पुष्कळदा वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा असतो. जिल्ह्याची जुनी नावे घाला, रायगडऐवजी कुलाबा. आडनावाची स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी करून बघा आणि रेजिमेंटच्या नावातल्या मराठाच्या स्पेलिंगमध्ये एच हे अक्षर आरच्या आधी येते हे विसरू नका. ज्यांचे दहन झाले त्यांचे थडगे नसते, त्यांची नावे स्मारकावर असतात. सँग्रो नदीकाठच्या स्मशानभूमीत अशा ५०० हून अधिक भारतीय जवानांची नावे आहेत. उत्तरेकडच्या लढायांतल्या जवानांसाठी फोर्ली इथे भारतीय सेनेची स्मशानभूमी आणि दहन-स्मारक आहे.

नोंदीतल्या स्मशानभूमीला मृत्यूचे ठिकाण समजू नका. विखुरलेली थडगी युद्धानंतर मोजक्या स्मशानभूमींत एकत्र आणली. मृत्यूची तारीख घ्या, त्या तारखेला पलटण कुठे होती ते दैनंदिनीत बघा.

दैनंदिन्या लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत : मध्यपूर्वेच्या डब्ल्यूओ १६९ या मालिकेत, इटलीच्या बहुतांश १७० मध्ये, ब्रह्मदेश आघाडीच्या १७२ मध्ये. पैसे भरून प्रती मागवता येतात. सबंध वर्ष मागवू नका, आधी वहीतला तारखांचा रकाना पाहून दोन-तीन महिने निवडा. जवानाच्या सेवेच्या नोंदीसाठी बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्राकडे अर्ज करावा. अर्जात सैन्य क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव, गाव, तालुका आणि तुमचे नाते लिहा. क्रमांक नसेल तर अर्ज अडून राहतो, म्हणून तो आधी जुन्या पेन्शनच्या कागदांत शोधा. कुटुंबाला पेन्शन मिळत असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा.